घरबसल्या सिनेमा आणि चार प्रश्न

रविवारी जेवणे आटोपली की घरातील सर्वांनी मिळून एखादा चित्रपट पाहावा. मात्र तो संपताच टीव्ही बंद करून उठू नये. मुलांना प्रश्न विचारावेत, असे आम्हांस वाटते.

सोपा प्रश्न आधी. डॉ. जब्बार पटेल यांच्या चित्रपटात बाबासाहेब कोणी साकारले? मल्याळम अभिनेते मामूट्टी यांनी. त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मूळ चित्रपट कोणत्या भाषेतला? इंग्रजी!

आता जरा अवघड. ‘अछूत कन्या’ (१९३६) मध्ये शेवटी रेल्वेखाली जीव कोणाचा जातो? अस्पृश्य कस्तुरीचाच. ‘सुजाता’ (१९५९) मधील नूतनला आईची माया पुरती केव्हा मिळते? स्वतःचे रक्त देऊन आईचे प्राण वाचवल्यावर! माणूस म्हणून मान मिळवायला आमच्या लेकीने रक्त का द्यावे?

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला (२०१३) जब्या मात्र मरत नाही, विनवतही नाही. तो दगड भिरकावतो, थेट प्रेक्षकांच्या दिशेने.

तो दगड कोणाला लागला? या प्रश्नाचे उत्तर आम्ही देत नाही. बंधू-भगिनींनो, ते मुलांकडूनच ऐका. जयभीम!