कुत्र्याने फाडलेली कोंबडी

कुत्र्याच्या किंवा मुंगसाच्या तोंडातून सोडवलेली कोंबडी हाती आली, की घरात दोनच मते निघतात. एकजण म्हणतो, कापून टाका. दुसरा म्हणतो, हळद भरा आणि सोडून द्या. शेतकरी बंधुभगिनींनो, दोन्ही मते घाईची आहेत. पाठीवरची तळहाताएवढी कातडी निघालेली कोंबडीही पुष्कळदा वाचते. उलट, अंगावर दाताची दोन बारीक भोके असलेली कोंबडी तिसऱ्या दिवशी मरून पडते. म्हणून जखम केवढी दिसते यापेक्षा ती कोणी केली आणि किती खोल गेली, हे आधी पाहावे.

आपल्या हैदराबादेत राजेंद्रनगरला केंद्र सरकारची कुक्कुट संशोधन संस्था आहे. १९८८ साली सुरू झालेल्या या संस्थेने परसात पाळण्यासाठी वनराजा आणि ग्रामप्रिया ही वाणे तयार केली. ग्रामप्रिया वर्षाला दोनशेच्या घरात अंडी देते. घरातल्या बाईच्या हातात मीठमिरचीचे पैसे येतात ते याच अंड्यांचे. तेव्हा एका कोंबडीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे आम्ही म्हणणार नाही. वनराजा मात्र अंगाने जड. गावठी कोंबडी फडफडत झाडावर चढते तशी ती चढत नाही, आणि कुत्र्याला आयती सापडते.

जखमी कोंबडीला प्रथम फडक्यात गुंडाळून इतर कोंबड्यांपासून दूर न्यावे. लाल मांस दिसले की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचू लागतात आणि कुत्र्याने अर्धे ठेवलेले काम त्या पुरे करतात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड पाच मिनिटे दाबून धरावे. मध्येच उचलून पाहू नये. नंतर तिला खोक्यात, अंधाऱ्या व उबदार जागी तासभर स्वस्थ ठेवावे. पुष्कळ कोंबड्या जखमेने नव्हे, तर धसक्याने आणि गारठ्याने दगावतात. चोचीत बळेच पाणी ओतू नये. तिच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, पाणी तिथे शिरले की ती गुदमरते. भांडे समोर ठेवावे. पाण्यात थोडी जलसंजीवनी घातली तर चांगलेच.

ती सावरली की जखमेभोवतालची पिसे कात्रीने कापावीत. एक लिटर पाणी उकळून कोमट करावे, त्यात चहाचा सपाट दीड चमचा मीठ विरघळवावे आणि सुई काढलेल्या सिरिंजने जखमेवर धार सोडून माती, पिसे, लाळ धुऊन काढावी. मग पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे. पहिले चार दिवस हे सकाळ-संध्याकाळ करावे. रॉकेल, फिनेल, चुना, राख यांतले काहीही लावू नये. आता हळद. वरवरच्या ओरखड्यावर चिमूटभर टाकली तर आमची तक्रार नाही. पण खोल भोकात ती ठासली की घाण आत कोंडली जाते आणि आत काय चालले आहे ते दिसत नाही.

दोन ठिकाणी मात्र थांबावे. श्वासाबरोबर जखमेतून बुडबुडे येत असतील तर तिथे पाणी सोडू नये. पक्ष्याच्या अंगात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात; त्या फाटल्या असल्या तर पाणी थेट आत जाते. आणि प्यालेले पाणी गळ्याखालून गळत असेल, तर दाण्याची पिशवी फाटली आहे असे समजावे. ही दोन्ही कामे पशुवैद्यांची.

या भागात असील कोंबडे झुंजवणारे लोक जखम सुई-दोऱ्याने शिवत आले आहेत. झुंज लावणे १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा त्या शौकाबद्दल आम्ही अधिक लिहीत नाही. पण त्यांचे पाहून कुत्र्याचा चावा शिवू नये. सुरीची जखम सरळ असते. दात घाण खोलवर नेतो, आणि वरून शिवले की आत सडते. चाव्याची जखम उघडीच ठेवावी.

आता ज्या गोष्टीपायी वाचणाऱ्या कोंबड्या मारल्या जातात ती सांगतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेच्या कडेची कातडी हिरवी होते. घरचे म्हणतात, सडली. बहुधा ती सडलेली नसते. माणसाला मार लागला की काळेनिळे पडते, कोंबडीला हिरवे. साकळलेले रक्त विरघळताना तिच्या अंगात हिरवा रंग तयार होतो आणि तो पुढे पिवळा होत नाही, एवढेच. सडण्याची खूण निराळी. तिथे घाण वास येतो, कातडी काळी, थंड व ओली लागते. पू देखील तिचा वाहत नाही. तो पनीरासारखा घट्ट, पिवळा गोळा होऊन बसतो. वर फुगवटा दिसला म्हणून टाचणीने टोचून काही निघणार नाही. तो पशुवैद्यांकडून काढून घ्यावा.

पावसाळ्यात माश्यांचे भय मोठे. जखमेवर माशी बसली की दिवसभरात अळ्या होतात. खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा बांधावा आणि रोज पंखांखाली व शेपटीखाली पाहावे. अळ्या दिसल्याच तर चिमट्याने एकेक वेचून जखम पुन्हा धुवावी.

मांजराचा चावा, पोटावरची भोके, दोन दिवस दाणा न टिपणे, यांपैकी काही असेल तर दवाखाना गाठावा. राजेंद्रनगरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत. डायक्लोफेनॅक तर नकोच. त्या औषधाने देशातली गिधाडे मेली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. अँटिबायोटिक दिले असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी खाऊ नयेत, विकूही नयेत.

जखम नसताना मान वाकडी झाली तर ती मानमोडी असू शकते, आणि जखमेविना एकामागून एक कोंबड्या मरू लागल्या तर हात न लावता पशुवैद्यांना कळवावे. चावणारा कुत्रा पिसाळलेला वाटला, तर कोंबडी हाताळणाऱ्याने आपले हात साबणाने भरपूर धुवावेत. हाताला कापलेले-खरचटलेले असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. अशी कोंबडी खाऊ नये.

आतडी बाहेर आलेली कोंबडी मात्र तडफडत ठेवू नये. तिला चटकन सोडवावे आणि कुत्री उकरणार नाहीत इतके खोल पुरावे.

बाकीच्यांना वेळ द्यावा. मोठी जखम भरायला तीन-चार आठवडे लागतात आणि तोवर अंडी बंद राहतात. त्याचा राग धरू नये. जखमेवर नवी कातडी येऊन लाल मांस दिसेनासे झाले, की तिला दोन दिवस खुराड्याजवळच डालग्याखाली ठेवावे, म्हणजे इतर कोंबड्यांना तिची पुन्हा सवय होईल. मग संध्याकाळी अंधार पडल्यावर त्यांच्यात सोडावी.