कुत्रं पाळताय? मग दिवस मावळला की आत घ्या



मागच्या महिन्यात मळ्यातल्या एका वस्तीवर गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, तरी एक ताई गप्पच होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "आमचा मोत्या नेला वाघानं. ओट्यावर बांधलेला होता. सकाळी नुसती साखळी राहिली होती. अन् ती साखळी मीच घातली होती." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पोरगी दुसरं पिल्लू मागतीये. आणू का नको? अन् आणलं तर कसलं आणू?"

तेव्हा बैठकीत प्रत्येकीनं काही ना काही सांगितलं. घरी आल्यावर वाटलं, हे सगळ्याच गटांपर्यंत जायला पाहिजे. म्हणून यावेळचा लेख कुत्र्यावर.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळी का?

कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहायला लागला. त्याची पिल्लंही आता उसातच होतात. 2024 साली आपल्या पिंपरी पेंढारमध्ये बिबट्याच्या हल्ल्यात बायकांचे जीव गेले. 2025 च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होते, ते आपण टीव्हीवर पाहिलं. असले पट्टे आधी आपण कुत्र्याच्या गळ्यात बघायचो.

पुष्कळ जणी म्हणतात, "कुत्रं दारात असलं की बिबट्या येत नाही." कुत्रं भुंकून सावध करतं, हे खरं. पण बिबट्याला कुत्र्याची भीती नाही, कुत्रं त्याचं खाणं आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं. त्यात वजनाच्या हिशोबानं सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, जवळजवळ 39 टक्के. शेळ्यांचा वाटा त्याहून बराच कमी होता, आणि शेळ्या तर तिथं कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त. असं का? शेळी आपण रात्री कोंडतो, कुत्रं बाहेर ठेवतो.

बाहेर बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. त्याच्यासाठी बिबट्या ओट्यापर्यंत येतो, आणि त्याच ओट्यावर आपली पोरं खेळतात, म्हातारी माणसं झोपतात. म्हणजे कुत्र्याला रात्री आत घेणं हे कुत्र्यासाठी आहे, तेवढंच आपल्या घरासाठीही आहे.

पिल्लू कसं निवडायचं?

लॅब्रॅडोर, पॉमेरेनियन दिसायला छान, पण विकत घ्यायला महाग आणि आपल्या उन्हात त्यांना त्रास होतो. मळ्यात राहायला गावठी पिल्लूच चांगलं. ते काटक असतं आणि घरचं खाऊन राहतं.

- पिल्लू 2 महिन्यांचं झाल्याशिवाय आईपासून तोडू नका. लवकर आणलेलं पिल्लू आजारी पडतं आणि चावरंही होतं.
- डोळे स्वच्छ, नाक न वाहणारं, शेपटीखाली हगवणीचे डाग नाहीत, हाक मारली की जवळ येतं, असं बघा. फक्त पोट टम्म फुगलेलं असेल तर ते बाळसं नाही, बहुतेक जंत असतात.
- "मादी नको, पिल्लं होतात" असं म्हणून कितीतरी पिल्लं रस्त्याला सोडली जातात. मादी घरात छान राहते. नसबंदीचं ऑपरेशन केलं की प्रश्न मिटतो. नराचंही करता येतं, मग तो भटकत नाही. भटकणारं कुत्रं बिबट्याला लवकर सापडतं.

काय खायला घालायचं?

3 महिन्यांपर्यंत दिवसातून 4 वेळा थोडं थोडं, 6 महिन्यांपर्यंत 3 वेळा, पुढं 2 वेळा. भाकरी किंवा भात चालतो, पण नुसत्या भाकरीवर कुत्रं धरत नाही. सोबत घट्ट वरण, उकडलेलं अंडं किंवा शिजवलेले कोंबडीचे तुकडे, हाडं काढून, असं काहीतरी लागतंच. शिजवलेल्या हाडाच्या काचेसारख्या कपच्या होतात आणि आतडं फाडतात. दूध सगळ्याच कुत्र्यांना सोसत नाही. जुलाब झाले तर बंद करा.

खाणं पुरतंय का हे बरगडीवर हात फिरवून कळतं. बरगडी हाताला लागली पाहिजे, पण लांबून मोजता येऊ नये.

आता आपल्या भागासाठी महत्त्वाचं. कांदा, लसूण आणि द्राक्षं कुत्र्याला विष आहेत. आपल्याकडे तिन्ही घरात आणि रानात पडलेली असतात. कांद्या-लसणानं त्याचं रक्त कमी होतं, द्राक्षं आणि बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. म्हणून कालवणात भाकरी कुस्करून देऊ नका. फोडणी द्यायच्या आधीच त्याचं वरण बाजूला काढा. चॉकलेटही नको.

आणि ताप आला म्हणून घरातली क्रोसिनची गोळी देऊ नका. कुत्र्याला ती धोक्याची आहे आणि मांजर तर अर्ध्या गोळीनंही मरतं. गाई-म्हशींसाठी आणलेलं गोचिडाचं औषधही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. मांजराला तर अजिबात नाही.

लस आणि जंताचं औषध

जंताचं औषध पिल्लाला 3 महिन्यांपर्यंत दर 15 दिवसांनी, 6 महिन्यांपर्यंत महिन्याला, नंतर दर 3 महिन्यांनी. हे जंत मातीतून आपल्या पोरांच्या पोटात जातात, म्हणून टाळायचं नाही. पार्व्होसारख्या आजारांची पहिली लस दीड ते दोन महिन्यांच्या दरम्यान द्यायची आणि पुढचे डोस डॉक्टर सांगतील तेव्हा. पार्व्होत उलट्या आणि रक्ताची हगवण होते, आणि पिल्लू दोन-चार दिवसांत जातं. रेबीजची लस 3 महिन्यांचं झाल्यावर, नंतर महिन्याभरात दुसरा डोस, मग दरवर्षी.

कुत्रं चावलं किंवा नखानं ओरखडलं, मग ते घरचं पिल्लू का असेना, जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा. चटणी, चुना, हळद काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि सांगितलेल्या सगळ्या तारखांना इंजेक्शन घ्या. रेबीज एकदा झाला की उपाय नाही, पण वेळेत लस घेतली तर तो टळतो.

लाड करायचे ते असे

लाड म्हणजे बिस्किटाचे पुडे नव्हेत. सावलीत जागा, दिवसभर स्वच्छ पाणी, कानामागचे आणि बोटांमधले गोचीड रोज बघणं, आणि सगळ्यात मोठा लाड म्हणजे दिवस मावळायच्या आत बंद जागा.

- घरात नाहीतर पक्क्या गोठ्यात घ्या. वेगळी जागा केली तर चारी बाजूंनी आणि वरूनही पत्रा किंवा मजबूत जाळी पाहिजे. बिबट्या भिंत चढतो. कोंबड्यांची डाल पिल्लावर पालथी घालून भागत नाही.
- आत घेतल्यावर साखळी काढा.
- खाणं अंधार पडायच्या आत द्या आणि भांडं धुऊन ठेवा. उष्टं, कोंबडीची घाण घराजवळ टाकली की भटकी कुत्री जमतात, त्यांच्यामागं बिबट्या येतो.
- अंधारात कुत्र्याला आणायला पोरांना एकटं पाठवू नका.
- रात्री कुत्रं जोरात भुंकायला लागलं तर दार उघडून एकटीनं बाहेर जाऊ नका. आतूनच दिवा लावा, भांडी वाजवा. बिबट्यानं कुत्रं धरलं असेल तर सोडवायला धावू नका. वन विभागाचा 1926 हा नंबर लावा.

एक लक्षात ठेवा. बिबट्यानं गाय, म्हैस, शेळी, मेंढी मारली तर पंचनामा होऊन वन विभागाकडून भरपाई मिळते. कुत्र्याची मिळत नाही. जाळीचा खर्च मात्र एकदाच होतो, आणि त्याच जागेत शेळीचं करडूही राहतं.

गटानं काय करायचं?

रेबीजच्या लसीची 10 डोसांची बाटली मिळते. एकेकटीनं दवाखान्यात जाण्यापेक्षा 10 घरांनी मिळून पशुवैद्यकीय डॉक्टरांना एकाच दिवशी वस्तीवर बोलावलं तर खर्चही कमी होतो आणि एकही कुत्रं राहत नाही. जनावर आजारी असेल तर 1962 या नंबरवर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं दोन गोष्टी लिहून आणा: घरात कुत्री-मांजरं किती, आणि रात्री ती कुठं झोपतात. त्यावरून लसीचा दिवस ठरवू.

त्या ताईंकडे परवा गेले होते. गोठ्याच्या कोपऱ्यात जाळी ठोकून झाली होती, वरचा पत्राही बसला होता. पिल्लू अजून आलं नव्हतं. "आधी त्याचं घर, मग ते," पोरगीच मला सांगत होती.