कलावंतिणीच्या माथ्याखालून

फजरनंतर आम्ही एकटेच खारघरहून पनवेलमार्गे ठाकूरवाडीला निघालो. "असरपर्यंत घरी ये," अम्मींनी बजावले होते. प्रबळमाचीला दम घेतला. पुढे सुमारे २,२५० फूट उंचीच्या कलावंतीण दुर्गाच्या, कातळात खोदलेल्या पायऱ्या; कडेला दरी, कठडा नाही. त्या निभावल्या. माथ्याखालचा शेवटचा कातळ मात्र हातापायांनी चढायचा. चार पावले चढलो अन् पाय थरथरला. सावरायला कोणी नव्हते. चढण्यापेक्षा उतरणे कठीण, हे आठवून मागे फिरलो. वर्गात मुलांना 'हिंमत धरा' सांगतो. आता 'कुठे थांबायचे' तेही सांगू. वाचकहो, सोबत घेऊनच जा. पावसाळ्यात तर टाळाच. असरच्या अजानला घरी पोहोचलो. अम्मी दारातच उभ्या होत्या.