मालमोटारीस विजेचा पंखा

इंजिनाशी पट्ट्याने जखडलेला पंखा गरज असो वा नसो, इंजिनाबरोबर फिरतच राहतो. आणि पंख्याची गती दुप्पट झाली की त्यास लागणारी शक्ती सुमारे आठपट होते, असा नियम असल्यामुळे, सपाट महामार्गावर, जेथे समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड राखण्यास बहुधा पुरेसा असतो, तेथेही इंधनाची ही नाहक वसुली चालूच राहते. विजेचा पंखा मात्र पाण्याचे तापमान ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यावरच थर्मोस्टॅटच्या हुकुमाने सुरू होतो.

तथापि ही वीज फुकटची नव्हे. १२ व्होल्टवर ३० अँपिअर ओढणारा पंखा म्हणजे ३६० वॅटचा भार, आणि तो अखेर अल्टरनेटरमार्फत इंजिनावरच पडतो. सबब अल्टरनेटरची कुवत, जाड तार, रिले आणि फ्यूज यांची तजवीज अगोदर करावी. पंख्याभोवतीचे कवच वगळण्याचा मोह (तो पुष्कळांना होतो) टाळावा, कारण त्यावाचून रेडिएटरच्या सर्व भागांतून हवा ओढली जात नाही.

हलक्या पिकअपला हा फेरफार मानवतो. भरल्या वजनाने कसाऱ्याचा घाट मंदगतीने चढणाऱ्या अवजड मालमोटारीची गोष्ट निराळी: वारा अल्प, उष्णता अपरंपार, आणि तिचा यांत्रिक पंखा पूर्ण गतीस कित्येक किलोवॅट शक्ती खाणारा, त्याचे काम काही शे वॅटच्या जोडपंख्यांकडून मागणे गैरवाजवी होय. अशा गाड्यांना तापमानानुसार पकड घेणारा व सोडणारा व्हिस्कस क्लचचा पंखाच, आमच्या मते, अधिक भरवशाचा.