थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी बंद करायची का?

दोन महिन्यांपूर्वी गारखेड्याच्या एक ताई दवाखान्यात आल्या. वय २६, दोन महिन्यांच्या गर्भवती. थकवा, बद्धकोष्ठता, चेहऱ्यावर सूज. गेल्या वर्षी मीच त्यांना थायरॉईडची गोळी सुरू केली होती. "गोळी चालू आहे ना?" असे विचारताच म्हणाल्या, "नाही डॉक्टर. रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून चार महिन्यांपूर्वी बंद केली." रक्त तपासले. टीएसएच ३८!

चूक त्यांच्या एकट्यांची नव्हती. रिपोर्ट गोळीमुळेच नॉर्मल आहे, हे मीही त्यांना नीट समजावून सांगितले नव्हते.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या भागातील फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. टी-३ आणि टी-४ ही संप्रेरके ती तयार करते. टीएसएच मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येते. तिला मुकादम समजा. कामगार मंदावला, की मुकादमाचा आवाज चढतो. कामगार फार धावू लागला, की मुकादम गप्प बसतो. म्हणजेच टीएसएच वाढले, तर बहुधा थायरॉईडचे काम कमी पडते आहे. टीएसएच फार घटले, तर ते जास्त होते आहे. नेमका इथेच अनेकांचा गोंधळ होतो.

टीएसएच साधारण ०.४ ते ४.५ असावे. प्रयोगशाळेनुसार थोडा फरक पडतो. आकडा १० च्या आत आणि फ्री टी-४ ठीक असेल, तर घाबरू नये. बहुधा दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. गर्भवतींनी मात्र इतके थांबू नये. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते.

लक्षात ठेवा :

१) गोळी सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यावी. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे.

२) डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करावी, त्याआधीचा आकडा फसवा असतो.

३) केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर डॉक्टरांना सांगावे. त्याने रिपोर्ट चुकू शकतो.

४) दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे. गोळीचा डोस बहुधा वाढवावा लागतो.

त्या ताईंची गोळी त्याच दिवशी सुरू केली आणि त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले, आकडा उतरतो आहे. आता त्या गोळी चुकवत नाहीत. आपणही रिपोर्ट पाहून परस्पर गोळी बंद करू नका; आधी डॉक्टरांना विचारा.