खेळण्यातल्या शिपायाचे गाव कोणते?

पावणेचार इंचांचा प्लॅस्टिकचा शिपाई. मान वळते, कोपर वाकते, गुडघा दुमडतो, मुठीत बंदूक बसते आणि सोबतच्या जीपमध्ये स्टिअरिंगमागे तो बरोबर मावतो. नाव जी. आय. जो. नव्वदच्या दशकात आपल्या शहरांतल्या दुकानांत तो पाकिटात टांगलेला असे आणि आमच्या वस्तीतली पोरे बाहेरूनच त्याला बघत. ती पोरे आज चाळिशीची झाली. त्यांच्यातले काही आता जुना शिपाई, जुनी जीप, जमल्यास न फोडलेल्या पाकिटासकट शोधत फिरतात आणि मिळाली की पदरचे चांगले पैसे मोजतात. या शिपायाचा पहिला, हाताने बनवलेला नमुना अमेरिकेत २००३ साली दोन लाख डॉलरला विकला गेला.

वाचक विचारतील, या सदरात खेळण्याचे काय काम? काम आहे, आणि ते पाकिटाच्या पाठीमागे छापलेले आहे.

हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली हा शिपाई बाजारात आणला, तेव्हा तो फूटभर उंच होता. मुलगे बाहुली घेणार नाहीत ही भीती, म्हणून त्याला बाहुली म्हणायचेच नाही असे ठरले आणि ‘अॅक्शन फिगर’ हा नवा शब्द काढण्यात आला. (१९६७ साली याच मालिकेत लष्करी परिचारिका आली. ती खपली नाही. आज संग्राहक तिच्यासाठीच जीव टाकतात!) पुढे १९८२ साली छोट्या आकारात नवी पलटण आली आणि तिच्याबरोबर पाकिटामागचे कार्ड आले. कार्डावर शिपायाचे खरे नाव, जन्मगाव, हुद्दा, कामगिरी आणि दोन ओळी स्वभावाच्या. ‘व्हॅम्प’ नावाच्या जीपबरोबर तिचा ड्रायव्हर मिळे, त्याचे नाव क्लच. तो न्यू जर्सीतल्या अॅसबरी पार्कचा. ड्रायव्हरलासुद्धा गाव होते, बघा. ही कार्डे लिहिणारा लॅरी हामा हा जपानी वंशाचा अमेरिकन, स्वतः लष्करात राहिलेला. ज्या समाजाला अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात तारेच्या कुंपणाआड डांबले, त्याच समाजातला माणूस अमेरिकन शिपायांची वंशावळ लिहीत होता.

काळ्या माणसांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १९६५ साली पहिला काळा जी. आय. जो आला. चेहऱ्याचा साचा गोऱ्याचाच, फक्त रंग तपकिरी. अमेरिकेच्या फौजेतील वर्णभेद मोडण्याचा आदेश ट्रुमन यांनी १९४८ सालीच काढला होता, पण खेळण्याच्या कारखान्यात तो रंगाच्या डब्यापर्यंतच पोहोचला. १९८२ च्या पलटणीत मात्र डेट्रॉइटचा स्टॉकर होता, १९८४ साली मिसिसिपीचा रोडब्लॉक आला. हा रोडब्लॉक जड मशीनगन चालवणारा. त्याला स्वतःचा चेहरा होता, नाव होते, गाव होते. डेट्रॉइटच्या काळ्या मुलाला दुकानात आपल्या गावचा शिपाई सापडला.

भारतात हाच शिपाई एमआरएफ या टायरवाल्या कंपनीच्या फनस्कूलने काढला. अमेरिकेत ही मालिका १९९४ साली बंद पडली तरी आपल्याकडे जुन्या साच्यांतून माल निघतच राहिला आणि त्याचे भलतेच रंग परदेशी संग्राहकांच्या कौतुकाचा विषय झाले. पाकिटामागे कार्ड इथेही होते, इंग्रजीत. आमच्या पोराने तो शिपाई घेतला असता तरी त्याला कळले काय असते? परक्या मुलखातल्या माणसाचे नाव, परक्या मुलखातले गाव. आणि तेही वाचता आले तर!

आता नाशिककडे वळू. काकुलचे तोफखाना विद्यालय देवळालीला आले. कॅम्पात तोफांचे संग्रहालय आहे. ‘तोपची’ या सरावाच्या वेळी शाळांची पोरे खरीखुरी बोफोर्स आणि धनुष धडाडताना पाहतात. ओझरला लढाऊ विमाने बनतात, सातपूरला महिंद्राच्या गाड्या. म्हणजे खेळण्यातल्या पलटणीला जे जे लागते ते सगळे या जिल्ह्यात पोलादात घडते. शिपाईसुद्धा इथल्याच घरांतून जातो. नाही ते फक्त त्याचे कार्ड.

आणि आमच्याकडे कार्डावर लिहायला काही नव्हते असे कोण म्हणेल? भीमा कोरेगावचा स्तंभ हे दगडात कोरलेले कार्डच आहे. १ जानेवारी १८१८ रोजी पडलेल्यांच्या नावांत शेवटी ‘नाक’ असलेली २२ नावे तिथे आहेत. बाबासाहेबांचे आजोबा फौजेत, वडील रामजी सुभेदार फौजेत. त्या फौजेच्या छावणीत शिपायांच्या मुलांनाच काय, मुलींनाही अक्षर मिळाले. मग बाबासाहेब अजून पाळण्यात असतानाच, १८९२ च्या सुमारास, ‘लढाऊ जाती’ची थिअरी पुढे करून इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. शेवटी १९४१ साली व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेलेल्या बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पुढे ती मशीनगन रेजिमेंट झाली. बिल्ल्यावर दोन विकर्स मशीनगन आडव्या, मध्ये कोरेगावचा स्तंभ. नंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला. रोडब्लॉकच्या हातात मशीनगन देण्याआधी जवळपास चाळीस वर्षे ती आमच्या टोपीवर होती!

ही शिस्त नाशिकने डोळ्यांनी पाहिली आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराकडे निघालेली मिरवणूक मैलभर लांब होती. तिच्या अग्रभागी लष्करी थाटाच्या चाली वाजवणारा बँड, मागे स्काउट, त्यांच्यामागे शेकडो स्त्रिया, असे वर्णन चरित्रकारांनी केले आहे. त्याच नाशकात सात वर्षांनी, मुसोलिनीला भेटून आलेल्या डॉ. मुंजे यांनी भोसला मिलिटरी स्कूल काढले. दोन्हीकडे कवायत होती, पण एकीकडची कवायत बंद दरवाजासमोर निःशस्त्र उभी राहिली.

आमच्यातलेच काही धम्मबांधव हरकत घेतील, तथागताच्या अनुयायांनी लेकरांच्या हाती बंदूक द्यावी का? हरकत खोटी नाही. खेळण्यातल्या युद्धात कोणी मरत नाही, म्हणून युद्ध गंमत वाटू लागते, हे आम्हालाही खटकते. पण बाबासाहेबांनी पलटण मागितली ती रक्ताच्या हौसेसाठी नाही. भाकरी, शाळा आणि ताठ मान या तीन गोष्टी तेव्हा खाकी कपड्यातच एकत्र मिळत होत्या. बंदूक नसलेला शिपाई करा, हवे तर. जीप चालवणारा करा, तारायंत्र सांभाळणारा करा, जखमी उचलणारा करा. पोर त्याच्या हातातली वस्तू विसरेल, नाव विसरणार नाही.

कोणी लगेच एखादा तयार शिपाई निळा रंगवून १४ एप्रिलला विकायला आणील. ते नको. १९६५ सालचा तपकिरी रंग आठवा.

खरी अडचण साच्याची नाही. साचा कोणीही करील. कार्डासाठी लागणारी माहिती देवळाली, भगूर, नाशिकरोड, दिंडोरी, येवल्याच्या घरांत पत्र्याच्या ट्रंकेत पडून आहे. पेन्शनचे पुस्तक, फिकट झालेली रिबीन, सुटीच्या पासावरचा शिक्का. १९४१ साली अठरा वर्षांचा असलेला जवान आज शंभरी ओलांडून गेला असता, त्यामुळे त्याच्या तोंडून ऐकण्याची वेळ जवळजवळ गेलीच. त्याची सून आहे, नातू आहे, ६५ आणि ७१ च्या लढाईतले म्हातारे आहेत. प्रत्येक वस्तीतल्या विहारात एक वही ठेवावी आणि रविवारी वंदनेनंतर एकेका घराने त्यात लिहावे: नाव, गाव, भरतीचे साल, नंबर, पलटण, कोठे कोठे लढला, काय काम करी. ड्रायव्हर असेल तर गाडी कोणती होती, तेही.