भारू, नेरू आणि मैत्री पूल

रक्सौल स्टेशनाबाहेरचा टांगेवाला ‘वीरगंज?’ एवढंच विचारतो. मी मान डोलावतो, वर चढतो आणि परदेशप्रवास सुरू होतो. पासपोर्टचा विषय निघत नाही. शेजारी एक तरुण बाई, मांडीवर पेंगलेलं पोर, पायाशी फुगलेली पिशवी. “नैहर से आवत बानी,” ती आपणहून सांगते. माहेर मोतिहारीकडचं, सासर वीरगंजचं. दोन्ही घरांत भोजपुरी. तिच्या लेखी ती परदेशी चाललेली नाही, सासरी चाललीय.

पुढ्यात मैत्री पूल येतो. खालून सिर्सिया नदी वाहते, म्हणजे काळं, फेसाळ काहीतरी. वीरगंजच्या बाजूचे कारखाने सोडतात ते सगळं ती रक्सौलच्या घाटांवर आणून टाकते. तिला कोणी अडवत नाही. सशस्त्र सीमा बलाचा जवान टांग्यात डोकावतो, पोराच्या गालाला बोट लावतो, जाऊ देतो. मालाचे ट्रक आता बाहेरच्या एकात्मिक तपासणी नाक्यावरून जातात, त्यामुळे इथे टांगे, ई-रिक्षा, सायकली आणि चालणारी माणसं. एक म्हातारा खांद्यावर नवी कोरी बादली लटकवून एकटाच दोन देशांमधून चाललाय.

“हिअई बइठल रहे लोग,” टांगेवाला चाबकानं पुलाच्या मध्याकडे दाखवतो. २०१५चा सप्टेंबर. नेपाळची नवी राज्यघटना जाहीर झाली, तराईतले मधेशी चिडले आणि या पुलावर ठाण मांडून बसले. चारेक महिने वाट बंद. काठमांडूत गॅस नाही, पेट्रोल नाही, औषधं नाहीत; तेही एप्रिलच्या भूकंपानंतर. नेपाळ म्हणत होता, ही दिल्लीची नाकेबंदी. दिल्ली म्हणत होती, आंदोलन तुमचं, आमचे ट्रकवाले घाबरलेत. टांगेवाल्याचं मत वेगळं आहे: “घोड़ा भूखे रहल.”

शंकराचार्य द्वाराच्या अलीकडे भन्सारवाले, म्हणजे जकातवाले, बाईची पिशवी उघडायला लावतात. चुडा, खाजा, दोन साड्या, पोराचे बूट. १०० नेपाळी रुपयांवरच्या मालाला जकात, हा नियम २०२३ साली कडक झाला तेव्हा सीमेवर बोंब उठली होती. शंभर नेपाळी म्हणजे आपले साडेबासष्ट. त्यात बूट कसले, एक बूटही येणार नाही. साड्यांच्या घड्या मोडलेल्या नाहीत, हे शिपायाच्या लक्षात येतं. बाई पोराला चिमटा काढते की ते आपणहून रडतं, मला सांगता येणार नाही. पिशवी बंद होते.

३१ जुलै १९५०च्या भारत-नेपाळ मैत्री कराराचं सातवं कलम म्हणतं की एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्यात राहणं, मालमत्ता घेणं, व्यापार, येणं-जाणं यांत सारखी सवलत. नेपाळकडून सही राणा पंतप्रधान मोहन शमशेरांची आणि भारताकडून राजदूताची. ही विजोड जोडी नेपाळमध्ये अजून खुपते. सातव्या कलमातलं येणं-जाणं पुलावर दिसतं, पण भारतीयाला नेपाळात जमीन घेता येत नाही. करार तपासायला दोन्ही देशांनी २०१६ साली नामवंतांचा गट नेमला. भारताच्या बाजूचे प्रमुख भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपल्याकडे राज्यपाल म्हणून आले आणि भलत्याच कारणांनी गाजले. गटाचा अहवाल २०१८ साली तयार झाला. तो स्वीकारायला दिल्लीला काही सवड मिळाली नाही.

द्वारापलीकडे सटहीवाल्याचं टेबल. मी भारू देतो, म्हणजे भारतीय रुपये; इथे त्यांना ‘आयसी’ही म्हणतात. तो नेरू, म्हणजे नेपाळी रुपये, मोजतो. शंभराचे एकशे साठ. १९९३ पासून हाच भाव. उलट बदलायचे तर वर दोन-तीन रुपये त्याचे. हा आकडा टिकवायला नेपाळ राष्ट्र बँक डॉलर विकून भारतीय रुपये विकत घेते, आणि मुंबईत रिझर्व्ह बँक काय ठरवते इकडे डोळा ठेवते. दोन देशांचं एकत्र येणं म्हणतात ते हे. फक्त दोरीचं एक टोक जाड आहे. २०१६ साली भारतात रद्द झालेल्या पाचशे-हजारांच्या नोटांचं नाव काढताच सटहीवाला हसतो. नेपाळच्या बँकांत अडकल्या त्या अडकल्याच.

पुढे पंपावर पाटी नेपाळ ऑइल निगमची, आतलं तेल इंडियन ऑइलचं. २०१९ पासून ते मोतिहारीहून अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरच्या नळातून येतं. भाव इकडे उतरला की बिहारची पोरं डबे घेऊन टाकी भरायला इथेच येतात.

घंटाघरापाशी बाई उतरते. नवरा मोटारसायकल घेऊन उभा. तिच्याकडे अंगीकृत नागरिकतेचं कार्ड आहे, असं तो मला अभिमानानं सांगतो. या कार्डावर तिला राष्ट्रपती होता येणार नाही, पंतप्रधानही नाही. राज्यघटनेत तसं लिहिलंय. ती म्हणते, पहिल्यांदा घराला पाणी येऊ दे.

माझं घड्याळ पंधरा मिनिटं मागे. चहा-समोशाचे चाळीस नेरू. भिंतीवर क्यूआर कोड आहे, २०२४ पासून आपलं यूपीआय इथे चालतं, म्हणून मी ऐटीत फोन काढतो. पंचवीस रुपये.

दुकानदार हात आडवा धरतो. “दाइ, नगद नइखे? आयसी में दीं. साँझ के रक्सौल से तरकारी ले आवे के बा.”